सीडी हातात, पण खेळ कुणाचा?

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बहिणी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माहेरी जमतो. यंदा गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालची आरती आटोपली, वाजवायची घुमटं खाली ठेवली गेली आणि पोरं माडीवर पळाली. मडगावच्या बहिणीच्या मुलानं बॅगेतून कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) आणला होता. फोंड्याच्या भाच्यानं आठवडाभर आधीच त्यावर आपलं अकाऊंट घालून आपले गेम उतरवून ठेवले होते, कारण आमच्या वाड्यावर मोबाइलची रेंज विहिरीच्या काठावर उभं राहिलं तरच मिळते. तयारी चोख होती. पण गेम सुरू करायला गेला तर चित्रावर कुलूप! परवाना तपासता येत नाही, इंटरनेटला जोडा म्हणे. मग मडगावकरानं जुन्या खोक्यातली एक डिस्क काढून आत सरकवली, ती मुकाट चालू झाली.

भाचा माझ्याकडे वळला. "मावशी, पैसे तर मीपण भरलेत ना?"

भरलेत. प्रश्न असा आहे की त्या पैशांत त्यानं नेमकं काय घेतलं. त्याला हे समजावता समजावता नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा रिकामा झाला. तेच इथं जरा नीट मांडते.

आधी डिस्क. आपल्याकडे गोल आणि चकचकीत असलं की ती सीडीच. पण सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलच्या पहिल्या पिढीतली खरीखुरी सीडी होती, जेमतेम ७०० एमबीची. दुसऱ्या पिढीत डीव्हीडी आली, एका थरात ४.७ जीबी. २००६ च्या प्लेस्टेशन ३ पासून ब्लू-रे, एका थरात २५ आणि दोन थरांत ५०. आताच्या कन्सोलच्या डिस्कवर तीन थर देऊन १०० जीबीपर्यंत मावतं. डिस्कचा आकार तसाच राहिला आणि मजकूर दीडशेपट झाला, तो प्रकाशाच्या रंगामुळे. सीडी वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५० चा, ब्लू-रेचा निळसर-जांभळा ४०५ चा. तरंगलांबी जितकी आखूड तितका ठिपका बारीक, आणि ठिपका बारीक झाला की त्याच जागेत जास्त ओळी बसतात. जाड खडूनं पाटीवर चार ओळी मावतात, टोक काढलेल्या पेन्सिलीनं वीस.

बारीक लिहिण्याची किंमतही असते. सीडीत मजकुराचा थर पृष्ठभागापासून सव्वा मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत फक्त एक दशांश मिलिमीटर. म्हणून ब्लू-रेवर टणक लेप देतात. त्या लेपामुळे ती जुन्या सीडीपेक्षा ओरखडे बरे सोसते, पण लेप फोडून आत गेलेला ओरखडा मात्र तिला महागात पडतो.

आता ज्या गोष्टीनं भाच्याला खरं आश्चर्य वाटलं ती. आजचा गेम डिस्कवरून चालतच नाही. ब्लू-रेचा मूळ वेग सेकंदाला साडेचार एमबी, आणि ड्राइव्ह त्याच्या काही पट पळाला तरी तो दोन अंकी एमबीतच राहतो. उलट प्लेस्टेशन ५ च्या आतली एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. खेळाडू दार उघडून पलीकडच्या शहरात पाऊल टाकतो तेवढ्यात ते शहर उभं राहायला हवं, ते काम फिरत्या डिस्कच्या आवाक्यातलं नाही. म्हणून डिस्क घातली की कन्सोल आधी सगळा मजकूर एसएसडीवर उतरवून घेतो आणि गेम तिथून चालवतो.

मग कॉपी झाल्यावरही डिस्क आत का ठेवावी लागते? कारण ती आता किल्ली असते. नाहीतर एका डिस्कवरून सगळ्या वाड्यानं गेम उतरवून घेतला असता. (प्लेस्टेशन २ च्या काळात ज्यांनी "चिप मारलेला", म्हणजे नकली डिस्कही चालवणारा, कन्सोल वापरला त्यांना हे जास्त सांगायला नको.) म्हणजे डिस्कला दोन कामं. ती भरलेली पेटी आहे आणि त्या पेटीची किल्लीही आहे. या लेखातली बहुतेक भांडणं ही दोन कामं वेगळी झाल्यामुळे लागली आहेत.

डिस्कची किल्ली माणूस ओळखत नाही. ती मडगावच्या पोरानं घातली काय आणि फोंड्याच्या पोरानं घातली काय, तिला फरक पडत नाही. ज्याच्या हाती किल्ली त्याचं दार. ती विकता येते, उसनी देता येते, भांडून परत मागता येते.

डाऊनलोडमध्ये पेटी तीच, किल्ली वेगळी. उतरवलेला मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली तुमच्या अकाऊंटच्या नावे कंपनीच्या सर्व्हरवर असते. प्रत्येक वेळी तिकडे विचारायला जावं लागू नये म्हणून एक सोय दिलेली असते: तुमच्या अकाऊंटनं एक कन्सोल आपलं घर म्हणून नेमायचं. प्लेस्टेशन ५ मध्ये या पर्यायाला कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलमध्ये होम एक्सबॉक्स. त्या घरच्या कन्सोलवर नेट नसलं तरी गेम चालतात आणि घरातले बाकीचेही ते खेळू शकतात. इतर कुठल्याही कन्सोलवर मात्र तुम्ही स्वतः लॉगिन असायला हवं आणि नेटही हवं. घर एकाच कन्सोलला म्हणता येतं. भाच्याचं घर फोंड्यात होतं, तिथं त्याचा धाकटा भाऊ खेळतो. सत्तरीत तो पाहुणा होता. कुलूप त्याचंच.

भाटकार आणि मुंडकार

हे मला समजलं ते आमच्या घरावरून. माझं माहेर पूर्वी मुंडकाराचं घर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: जमीन भाटकाराची, तिच्यावर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. भिंती आजोबांनी लिंपल्या, कौलं आजोबांनी चढवली, पण भाटकाराच्या मनात आलं तर उठा म्हणता येत होतं. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं ते थांबवलं. त्यानं बेदखल होण्यापासून संरक्षण दिलं आणि मामलेदाराकडे अर्ज करून घराखालची जमीन विकत घ्यायची वाट दिली.

डिजिटल, म्हणजे डाऊनलोडनं, गेम घेणारा हा मुंडकार आहे, आणि त्याला १९७५ चा कायदा नाही. खरेदीच्या बटणाखाली ज्या अटी आपण न वाचता मान्य करतो त्यांत साधारण हेच असतं: तुम्हाला वापरण्याचा परवाना दिला आहे, तो दुसऱ्याला देता येणार नाही, आणि काही कारणांनी तो काढूनही घेता येईल. मुंडकाराचा हक्क निदान मुलाबाळांकडे जातो, अकाऊंटच्या अटींत तेही बसत नाही.

डिस्कवाल्यांनी इथं फार मिशीला पीळ देऊ नये. कायद्याच्या नजरेनं डिस्कमधला प्रोग्रॅमही परवान्यावरच असतो, जसं पुस्तक घेतलं म्हणून मजकुराचे हक्क आपले होत नाहीत. पण तो प्लास्टिकचा तुकडा आपला असतो, आणि कुणी सर्व्हरवरचं बटण दाबलं म्हणून तो कपाटातून नाहीसा होत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं यावर एक छोटा कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. ज्या डिजिटल वस्तूचा परवाना मागे घेतला जाऊ शकतो तिच्यापुढे 'विकत घ्या' असं सरळ लिहिता येणार नाही, तो परवानाच आहे हे ग्राहकाला ठळक सांगावं लागेल. या कायद्यानं हक्क एकही वाढला नाही. फक्त पाटी खरी झाली. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

गंमत म्हणजे हे भांडण एकदा ग्राहकांनी जिंकलं होतं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा बेत असा होता की कन्सोलनं दर २४ तासांनी एकदा नेटवर हजेरी लावायची, आणि डिस्क दुसऱ्याला द्यायची तर अटी पाळायच्या. म्हणजे डिस्कच्या किल्लीलाही मालकाचं नाव लावायचं. लोक एवढे भडकले की जूनमध्येच कंपनीला माघार घ्यावी लागली. सोनीनं त्याच महिन्यात प्लेस्टेशन ४ वर गेम उसना कसा द्यावा याचा काही सेकंदांचा व्हिडिओ काढला. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, दुसरा आभार मानतो, संपलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर आपण काय केलं? तेच लोक सोफ्यावरून उठायचा कंटाळा करून डाऊनलोड घेऊ लागले. सोनीच्या अलीकडच्या आर्थिक अहवालांत विकल्या गेलेल्या चार पूर्ण गेमपैकी साधारण तीन डिजिटल असतात. कंपन्यांनी डिस्क हिसकावून घेतली हे अर्धंच खरं आहे.

रिकामी पेटी

डिस्कच्या बाजूनं मी बोलते आहे तर तिच्यातली फसवाफसवीही सांगायला हवी. दुकानात खोकं दिसलं म्हणजे आत गेम आहे असं आता गृहीत धरता येत नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' या गेमच्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी मजकूर होता, उरलेला सगळा नेटवरून. म्हणजे पेटी रिकामी, फक्त किल्ली. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं तर जून २०२५ मध्ये आलेल्या आपल्या स्विच २ कन्सोलसाठी या प्रकाराला रीतसर नाव दिलं, गेम-की कार्ड (तिथं डिस्कऐवजी छोटं कार्ड असतं). कार्ड घालायचं, गेम डाऊनलोड करायचा, आणि खेळताना कार्ड आत ठेवायचं. ते कार्ड दुसऱ्याला विकता येतं, हा त्यातला चांगला भाग. पण उद्या डाऊनलोड देणारा सर्व्हर बंद झाला तर हातात उरेल ती किल्ली, जिचं दार कुठंच नाही. खोक्याच्या दर्शनी भागावर तसं छापलेलं असतं, तेवढं वाचून घ्यावं. (निन्टेन्डोच्या कार्डांवर पोरांनी ती तोंडात घालू नयेत म्हणून कडू लेप असतो. आमच्या घरात एकानं ते खरं आहे का हे चाटून बघितलंय.)

काही गेम डिस्कवर येतच नाहीत किंवा उशिरा येतात. 'ॲलन वेक २' ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त डिजिटल आला, डिस्क निघाली ती वर्षभरानं. आणि कन्सोलच्या बाबतीत म्हणाल तर एक्सबॉक्स सिरीज एसला ड्राइव्ह पहिल्यापासून नाही. प्लेस्टेशन ५ प्रोच्या खोक्यातही नाही, तो वेगळा विकत घेऊन लावायचा. असा सुटा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना एकदा नेट लागतं, कारण त्याची त्या कन्सोलशी नोंदणी होते. गावच्या घरी खोकं फोडून बसू नका.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्यात डिस्कवाला आणि डाऊनलोडवाला दोघंही बुडतात. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ चा. तो एकट्यानं खेळायचा झाला तरी सर्व्हरशी जोडलेला लागायचा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्या डिस्कचं कपाखाली ठेवायचं कोस्टर झालं. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. गेम बंद करताना तो चालण्याजोग्या स्थितीत सोडा, एवढीच तिची मागणी आहे, आणि युरोपीय संघाकडे द्यायच्या तिच्या निवेदनावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

म्हणून कुणी मला डिस्क की डाऊनलोड असं विचारलं तर मी उलट विचारते, नेट काढल्यावर तो चालतो का? एकट्यानं खेळायचा, गोष्ट असलेला, पूर्ण डिस्कवर असलेला गेम असेल तर डिस्क घ्यावी. फक्त ऑनलाइन खेळायचा फुटबॉल किंवा गोळीबार असेल तर डिस्कनं तुम्हाला फार काही मिळत नाही, सोयीचं असेल ते घ्या.

दुकानं बंद पडतात ही भीती पोकळ नाही. निन्टेन्डोच्या 'वी' या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं, त्याच कंपनीच्या वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला. वी यू, थ्रीडीएस आणि ३६० वर आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येत राहिले, तेवढी माणुसकी दाखवली. सोनीनं २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाची दुकानं बंद करायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही आठवड्यांत निर्णय फिरवला. कधीकधी कारण भलतंच असतं. पहिला 'ॲलन वेक' २०१७ मध्ये विक्रीतून गेला, कारण त्यातल्या गाण्यांच्या परवान्याची मुदत संपली होती. नवा करार होऊन तो २०१८ मध्ये परत आला. मधल्या काळात ज्याला तो नव्यानं हवा होता त्याला जुनी डिस्क शोधणं भाग होतं.

पणजीत आपलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे. तिथं गेलं की जुनी छापील पानं हातात घेता येतात, लेखक हयात नाही, छापखाना नाही, तरी पान आहे. खेळांचं तसं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी तिथं निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कुठंही रीतसर विकत मिळत नाहीत असं आढळलं. ते खेळ आज जिवंत आहेत ते कुणाच्या तरी कपाटातल्या डिस्कांमुळे आणि कॅसेटींमुळे.

पैशाचं बोलू. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० चा आणि बिनड्राइव्हचा ३९,९९० चा होता. फरक दहा हजार. मोठा गेम तेव्हा ४,९९९ चा. समजा तुम्ही गेम संपवून डिस्क विकली आणि प्रत्येकीमागे दोन हजार परत आले, तर पाच गेममध्ये ड्राइव्हचे पैसे वसूल. वर्षाला एखादाच गेम घेणाऱ्याला पाच वर्षं लागतील, म्हणजे त्याच्यासाठी हे गणित लंगडं आहे. आणि डिजिटलचे सेल खरोखर मोठे असतात, वर्ष-दोन वर्षं थांबायची तयारी असली तर जुने गेम पावाच्या भावात मिळतात. पण बिनड्राइव्हच्या कन्सोलला दुकान एकच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकीच्या मिरच्या महाग वाटल्या तर चार पावलांवर दुसरी बसलेली असते. इथं दुसरी नाही.

मग नेट. पणजी-मडगावात फायबर आहे, तिथल्या लोकांना हा परिच्छेद सोडून द्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी एक लक्षात ठेवावं: नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि गेमचा आकार गिगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ५० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला सव्वासहा एमबीच उतरतात. १०० जीबीचा गेम पूर्ण वेग मिळाला तरी साडेचार तास घेतो. १० एमबीपीएसवर बावीस तास, त्यात आषाढातले लाइट जाण्याचे तास मिळवा. (लाइट आली की डाऊनलोड होता तिथून पुढे सुरू होतो, एवढं सुख.) मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा पॅक असेल तर पन्नास दिवस. डिस्कवाल्यालाही अपडेट उतरवावेच लागतात, पण पूर्ण भरलेली डिस्क असेल तर अपडेटशिवायही खेळ सुरू होतो. जागेचाही प्रश्न आहे. पहिल्या प्लेस्टेशन ५ ची एसएसडी ८२५ जीबीची, त्यातले वापरायला मिळतात ६६७. सहा-सात मोठे गेम झाले की एक काढावा लागतो. काढला म्हणून परवाना जात नाही, पण परत हवा असला की पुन्हा ते साडेचार तास. डिस्कवरून तेच काम बहुधा जेवण होईस्तोवर होतं.

आणि आपली हवा. जूनपासून चार महिने चपलांना बुरशी येते तिथं डिस्कांनी का सुटावं? त्या उभ्या ठेवा, खोक्यात, भिंतीला न टेकता, आणि नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी कपाटात टाका. पुसायची तर मऊ कोरड्या कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. डिस्कवरची ओळ सर्पिलाकार असते. आडवा ओरखडा एकेका ओळीतलं जरासंच खातो, आणि तेवढं वाचताना भरून काढायची सोय डिस्कमध्येच असते. ओळीच्या दिशेनं गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो, तो भरून निघत नाही.

भाच्याचं काय झालं ते राहिलं. विहिरीच्या काठावरून हॉटस्पॉट देऊन मडगावच्या कन्सोलला त्याचं घर करता आलं असतं. पण मग फोंड्यात धाकट्याच्या गेमांवर कुलूप पडलं असतं, आणि तो फोनवर आधीच रडत होता. शेवटी तिघं मिळून ती एकच डिस्क रात्री दोनपर्यंत खेळले. पुढच्या चवथीला तो स्वतःचाच कन्सोल घेऊन येणार म्हणतो. त्याला मी एवढंच सांगितलंय: निघायच्या आदल्या रात्री घरचा राउटर बंद कर आणि प्रत्येक गेम एकदा उघडून बघ. कुलूप दिसलंच, तर तेव्हा नेट हाताशी असेल.